इस्तंबूलमध्ये एकट्याने तीन दिवस

आमच्या घरात तुर्कस्तानची सर्वांत जास्त माहिती कोणाला असेल, तर आमच्या जाऊबाईंना. उर्दूत डब केलेली ‘एर्तुग्रुल’ मालिका त्यांनी दोनदा पाहिली आहे आणि कोणत्या भागात कोणाची मान उडते हे त्या भाकरी थापता थापता सांगतात. पण गेल्या नोव्हेंबरात आम्ही लेकीबरोबर इस्तंबूलला निघालो आहोत, आणि लेक तीन दिवस तिच्या कंपनीच्या परिषदेत असणार म्हणून शहरात आम्ही एकट्याच फिरणार आहोत, हे कळल्यावर पहिला आक्षेप त्यांचाच आला. “भाभी, तुम्ही चिपळूणच्या बाजारात तरी कधी एकट्या गेलात का?”

प्रश्न टोचला, कारण तो खरा होता. (‘आम्ही’ म्हणजे इथे एकटीच बाई आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तीस वर्षे शाळेचे अहवाल लिहिले. त्यात ‘मी’ लिहायची सोय नसते. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.) शाळेत चारशे मुलांना रांगेत उभे केले, पण शाळेबाहेर पाऊल टाकले ते नेहमी कोणाच्या तरी मागून. तिकिटे यांच्या खिशात, पासपोर्ट यांच्या कपाटात, रस्ता यांच्या डोक्यात. महरमशिवाय प्रवासाचा प्रश्नही घरात निघाला. त्यावर मतमतांतरे आहेत आणि या मासिकाच्या वाचकांना ती ठाऊक आहेत. आमच्या थोरल्या दिरांनी विचारून घेतले, लेक बरोबर आहे ना याची खात्री केली आणि शेवटी एवढेच म्हणाले, “वहिनी, फोन चार्ज ठेवा.” नेमके तेच आमच्याकडून झाले नाही. ते पुढे येईलच.

इस्तंबूल खरे तर आमचे नव्हते, यांचे होते. हे इतिहास शिकवत. खिलाफत चळवळीचा धडा आला की पुस्तक मिटून ठेवत आणि फळ्यावर बॉस्फरसची सामुद्रधुनी काढत. डावीकडे युरोप, उजवीकडे आशिया. कोकणातल्या पोरांना त्यांचा आवडता दाखला म्हणजे जंजिऱ्याच्या नाझली बेगमांचा. 1908 साली आपल्या मुरुडची ही बेगम युरोपला गेली, इस्तंबूलही पाहून आली आणि उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. “मुरुडहून बेगम गेली, आपण चिपळूणहून का जाऊ नये?” असे म्हणून एक जाड वही त्यांनी केली होती. कोणत्या दिवशी काय पाहायचे, कोणत्या बोटीने कुठे जायचे, सगळे पेन्सिलने. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांना रत्नागिरीला नेले. रुग्णवाहिकेत बरोबर बसता आले नाही. नंतर चेहराही दिसला नाही. दफन तिकडेच झाले. आम्ही इद्दतीत घरात बसलो होतो आणि 22 जुलैला चिपळुणात पूर आला. इद्दतीची बाई शेजाऱ्यांच्या माडीवर दोन रात्री राहिली. खाली घरात पाणी छतापर्यंत. ओसरले तेव्हा ती वही चिखलाचा एक गोळा झाली होती.

म्हणून लेकीने “अम्मी, चल” म्हटल्यावर आम्ही हो म्हणालो. वहीतले जेवढे आठवत होते तेवढ्यावर निघालो.

मुंबईहून थेट विमानाने साडेसहा-सात तास लागतात आणि घड्याळ अडीच तास मागे करावे लागते. व्हिसाचे सांगून ठेवतो: अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपच्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना ऑनलाइन व्हिसा मिळतो, नाहीतर अर्ज करून पासपोर्टवर चिकटवून घ्यावा लागतो; त्यासाठी वेळ हातात ठेवावा. शहरात उतरल्यावर पहिले काम म्हणजे ‘इस्तंबूलकार्ट’ घेणे. हे एकच कार्ड ट्राम, मेट्रो, बस आणि बोट अशा सगळ्यांना चालते. टॅक्सीपेक्षा ते बरे. विमानतळावरून आम्हाला आणणाऱ्या टॅक्सीवाल्याने मीटरकडे बोट दाखवून जे पैसे घेतले, ते हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने ऐकले आणि कपाळाला हात लावला.

हॉटेल सिरकेजी भागात होते. 1890 साली बांधलेले जुने रेल्वे स्टेशन तिथे आहे. युरोपातून येणारी ओरिएंट एक्स्प्रेस तिथे थांबायची. पहिल्या सकाळी लेक आठ वाजता गेली. आम्ही खोलीत साडेदहापर्यंत बसून राहिलो. दोनदा अबाया इस्त्री केला, एकदा चटणीची बाटली उघडून वास घेतला. शेवटी, खोली साफ करायला बाई आली आणि आम्ही तिच्या कामात अडथळा झालो म्हणून बाहेर पडलो. यात धाडसाचा भाग काही नव्हता.

यांच्या वहीत पहिल्या पानावर पहिली ओळ होती: आधी अय्यूब. ते म्हणायचे, ज्याच्या घरी रसूलुल्लाह पाहुणे होते, त्याच्या दारात आधी सलाम करावा, मग गाव बघावे. हजरत अबू अय्यूब अन्सारी मदिनेचे. हिजरतीनंतर हुजूरांची उंटीण ज्यांच्या दारापाशी बसली ते हे सहाबी. काही महिने हुजूर त्यांच्या घरी राहिले. म्हातारपणी ते इस्तंबूलच्या वेढ्यात आले आणि शहराच्या तटाबाहेर वारले. 1453 मध्ये तुर्कांनी शहर घेतल्यावर तिथे मशीद बांधली. आजची इमारत 1800 सालची आहे. एमिनोनू चौकातून खाडीच्या काठाने ट्राम जाते. त्या खाडीला इंग्रजीत गोल्डन हॉर्न म्हणतात, तुर्क लोक नुसते ‘हालिच’ म्हणतात, म्हणजे आपले खलीज.

एयुप सुलतानच्या अंगणात त्या दिवशी चार-पाच लहान मुले पांढऱ्या रेशमी पोशाखात, डोक्यावर पिसे लावलेली टोपी घालून, हातात राजदंड घेऊन फिरत होती. आम्हाला वाटले शाळेचे नाटक. नंतर कळले, सुंता करण्याआधी मुलांना असे सजवून इथे दुआला आणतात. एक शहजादा मात्र आईच्या पदराला धरून रडत होता; त्याला पुढचे कोणीतरी सांगितले असावे.

मशिदीमागे टेकडीभर कब्रस्तान आहे. जुन्या कबरींचे दगड उभे असतात, माणसासारखे. पुरुषांच्या दगडावर पगडी किंवा फेझ टोपी कोरलेली, बायकांच्या दगडावर फुले. चढणीवर एका दगडासमोर कॉलेजवयाची एक मुलगी वहीत चित्र काढत बसली होती. जीन्स, डोके उघडे, कानात इअरफोन. आम्ही दगडावरची अक्षरे वाचत उभे राहिलो आणि सवयीने ओठ हलले. तिने इअरफोन काढला आणि फोनवर काहीतरी लिहून आमच्यापुढे धरला. इंग्रजीत आले: तुम्हाला हे वाचता येते?

तुर्कस्तानने 1928 साली लिपी बदलली. त्याआधीचे सगळे अरबी लिपीत, नंतरचे सगळे रोमनमध्ये. त्यामुळे या मुलीला आपल्या पणजीच्या काळातला साधा दगडही वाचता येत नाही. आम्हाला उर्दूमुळे अक्षरे ओळखता येत होती, पण भाषा तुर्की. अर्थाच्या नावाने शून्य. मग असे झाले की आम्ही अडखळत वाचायचो आणि ती ऐकून अर्थ लावायची. पहिला शब्द ‘मरहूमा’, तो दोघींनाही कळला. पुढे बाईचे नाव आणि ‘हनिम’, म्हणजे आपल्याकडचे खानम. मग कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बायको. शेवटी ‘रूहुना फातिहा’. ‘रूहुना’चा अर्थ तिने छातीवर हात ठेवून सांगितला: तिच्या आत्म्यासाठी. खाली हिजरी 1311. बोटांवर हिशेब करून आम्ही सांगितले, 1893-94. मुलीने वहीत चित्राखाली ते नाव तिच्या रोमन लिपीत लिहिले, आम्हाला दाखवून स्पेलिंग बरोबर आहे का विचारले. ते आम्हाला कुठून ठाऊक असणार? पण मुख्याध्यापिकेला वही दाखवली की मान आपोआप हलते. आम्ही ‘बरोबर’ची खूण केली.

त्या दगडासमोर फातिहा पढलो. यांच्यासाठी रत्नागिरीला जाऊन पढायला आम्हाला दीड वर्ष लागले होते, आणि तिथे कबर दाखवायला सोबत माणूस लागला होता. असो.

खाली उतरल्यावर चहा घेतला. तुर्की चहा कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या ग्लासात येतो, बिनदुधाचा, तोंड भाजेल इतका गरम. पैसे द्यायला गेलो तर म्हाताऱ्या चहावाल्याने हाताने नको केले आणि म्हणाला, “मिसाफिर.” आम्ही खूश होऊन म्हटले, हो, मुसाफिर. संध्याकाळी हॉटेलच्या मुलाने दुरुस्त केले. तुर्कीत ‘मिसाफिर’ म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. अबू अय्यूबच्या दारात तो शब्द मिळाला हे यांना आवडले असते.

शब्दांची ही गंमत तीनही दिवस चालली. दुकानाला दुकानच म्हणतात, बिलाला ‘हेसाप’, खिम्याला ‘कियमा’, सूपला ‘चोरबा’, ओझी वाहणाऱ्याला हमाल. मैदान मात्र म्हणजे चौक. आणि एक इशारा: वुजूला तुर्कीत ‘आबदेस्त’ म्हणतात. उर्दूत आबदस्त कशाला म्हणतात हे वाचकांना सांगायला नको. सुलेमानिया मशिदीत एका सज्जन बाईंनी नळांकडे बोट करून मोठ्या आदराने आम्हाला “आबदेस्त?” विचारले तेव्हा आमचा चेहरा काय झाला असेल तो अल्लाहलाच माहीत.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात एमिनोनूच्या नव्या मशिदीपासून केली. ‘नवी’ हे नाव आहे फक्त. 1597 मध्ये साफिये सुलतान या राजमातेने तिची पायाभरणी करवली. काही वर्षांत तिचा मुलगा, सुलतान तिसरा मेहमेद, वारला, तिचा अधिकार गेला आणि अर्धवट भिंती पाण्याच्या काठी तशाच उभ्या राहिल्या. साठ वर्षांनी दुसऱ्या एका राजमातेने, तुरहान सुलतानने, काम पुन्हा हाती घेतले आणि 1660 च्या दशकात पूर्ण केले. खर्चाची व्यवस्था म्हणून शेजारी बाजार बांधला. त्याच्या भाड्यातून मशीद चालावी. तोच आजचा मसाल्यांचा ‘मिसिर चार्शिसी’. यांच्या वहीत याचे नाव ‘दोन आयांची मशीद’ असे होते. तुर्क लोक तसे म्हणत नाहीत, पण आम्ही म्हणणार. बाजारात वेलची, केशर, सुके अंजीर, तऱ्हेतऱ्हेचा लोकूम. भारतीय दिसलो की प्रत्येक दुकानदार “शाहरुख खान!” असे ओरडतो. भाव अर्थात शाहरुख खानला परवडतील असे. आमसुले आणि सुके बोंबील नाहीत, तेव्हा आमच्या दृष्टीने मसाल्याचा बाजार अपुराच.

सुलेमानिया मात्र वेळ काढून पाहावी. मिमार सिनान या वास्तुकाराने 1550 ते 1557 या काळात ती बांधली. आत शिरल्यावर प्रथम काही दिसत नाही, नुसती जागा जाणवते. पूर्वी तिथे शेकडो तेलाचे दिवे जळत. त्यांची काजळी भिंतींवर न बसता हवेच्या झोताने दारावरच्या एका छोट्या खोलीत जमा होईल अशी योजना सिनानने केली आणि त्या काजळीची शाई करून कातिब लिहीत. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला घुमटाहून या गोष्टीचे कौतुक जास्त वाटले. सुलतान सुलेमान बागेत मोठ्या मकबऱ्यात आहे. सिनानची स्वतःची कबर बाहेर रस्त्याच्या कोपऱ्यात, अगदी लहान, लोक शेजारून भाजी घेऊन जातात.

आयासोफियात जोहरसाठी गेलो. सहाव्या शतकात चर्च म्हणून बांधलेली, 1453 नंतर मशीद, 1935 पासून संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मशीद. आता परदेशी पर्यटकांसाठी तिकीट आहे आणि त्यांना वरच्या गॅलरीत नेतात. नमाजींचा दरवाजा वेगळा आणि विनामूल्य. आत एकोणिसाव्या शतकात लावलेल्या आठ प्रचंड गोल पाट्या आहेत, साडेसात मीटर व्यासाच्या: अल्लाह, मुहम्मद, चार खलिफा, हसन, हुसैन. मेहराबीच्या वर मरियमचे जुने चित्र पडद्याने झाकलेले. आमच्या मनात तिथे एकाच वेळी बरेच काही आले आणि ते इथे नीट लिहिता येईल असे वाटत नाही. एक मांजर मात्र कोणाचीही पर्वा न करता गालिच्यावर झोपली होती. या शहरात मांजरी सगळीकडे आहेत, आणि दुकानदार आपल्या आधी त्यांना खायला घालतात.

बाहेर एमिनोनूच्या धक्क्यावर मासा भरलेला पाव खाल्ला. मासा म्हणजे आपल्या बांगड्याचा उत्तरेकडचा भाऊ. भाजणी चांगली, काटे काढलेले, वर कांदा आणि लिंबू. मिरची नाही. पिशवीतली चटणी काढून लावली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या जोडप्याने हळूच मागून घेतली. पुढे त्यांनी पाणी किती प्यायले ते विचारू नका.

आता त्या संध्याकाळचे.

वहीतले एक पान आम्हाला नक्की आठवत होते: सूर्यास्त उस्कुदारहून पाहावा. समोरच्या आशियाई किनाऱ्यावरून, पाण्यापलीकडे सगळे मिनार आणि त्यांच्यामागे मावळता सूर्य. एमिनोनूला बोटींचे धक्के एकाला लागून एक आहेत. पाच वाजता गर्दीबरोबर कार्ड टेकवून आम्ही बोटीत बसलो. बोटीला इथे ‘वापुर’ म्हणतात; गोव्याकडची जुनी माणसे आगबोटीला वापोर म्हणत, तोच शब्द. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीची सवय असलेल्या माणसाला हे सगळे घरचेच. चहावाला तबक घेऊन फिरतो, लोक समुद्रपक्ष्यांना रिंगण पावाचे, ‘सिमित’चे, तुकडे टाकतात आणि पक्षी ते हवेतच झेलतात. आम्ही फोटो काढत राहिलो. यांना दाखवण्यासारखे काढले पाहिजेत असे काहीतरी डोक्यात होते. तीन वर्षे झाली तरी डोके कधी कधी विसरते.

पाण्यात उभा असलेला कन्यामनोरा उस्कुदारच्या अगदी समोर आहे, हे ठाऊक होते. तो आमच्या डाव्या हाताला आला, आणि मागे पडला. पुढे हैदरपाशा स्टेशनची दगडी इमारत दिसू लागली. तेव्हा कळले की बोट कादिकोयची आहे. फोन काढला. तो बंद पडला होता.

आज विचार केला तर उपाय साधा होता: उतरायचे आणि परतीच्या बोटीत बसायचे. पण घाबरलेल्या माणसाला साधे काही सुचत नाही. गर्दीने आम्हाला धक्क्यावरून बाहेर ढकलले, रस्ता ओलांडला, वळलो, आणि मागे धक्का कुठे राहिला ते कळेना. अंधार उतरत होता. लेकीचा नंबर पाठ नाही. फोन आल्यापासून कोण पाठ करतो? हॉटेलचे कार्ड दुसऱ्या पर्समध्ये. तुर्कीत येणारे शब्द म्हणजे मरहबा, तेशेक्कुर आणि किती पैसे. इतक्या माणसांत उभे राहून आम्ही अक्षरशः मागे वळून पाहिले, हे कुठे राहिले म्हणून. मग लक्षात आले आणि पायांतले बळ गेले.

मगरिबची अजान झाली. आवाज जवळचा होता. त्या दिशेने चालत गेलो, लहानशी दगडी मशीद होती. बायकांची जागा वर. जागा मिळाली, गुडघे टेकता आले, एवढेच पुरे होते. प्रवासातही मगरिब तीनच रकात. ती झाल्यावर आम्ही शाफईंच्या रिवाजाप्रमाणे इशाच्या दोन रकात लगेच जोडून पढलो. तुर्क बहुतेक हनफी. ते असे जोडत नाहीत आणि रुकूला जाताना हातही उचलत नाहीत. सलाम फेरला तर शेजारची चाळिशीतली बाई आमच्याकडे बघत होती. वाटले, आता काहीतरी समजावून सांगणार. आपल्याकडे लगेच सांगतात. ती वाकून म्हणाली, “शाफी?” आम्ही मान हलवली. तिने स्वतःच्या छातीवर थाप मारली. “शाफी! दियारबाकिर.”

कुर्द लोक बहुतेक शाफई आहेत, हे यांच्याकडून ऐकले होते. त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. कोकण तिला काय सांगणार? “हिंदिस्तान,” म्हटले. तिने आमचा हात धरला आणि धरलाच. आमचा चेहरा बघूनच बाकी कळले असावे. “सिरकेजी” हा एक शब्द आमच्याकडून निघाला तसे तिने पिशवी उचलली. बाईच्या हाताला ब्लीचचा वास होता; कुठेतरी साफसफाईचे काम करून घरी निघाली होती. वाटेत तिने एक सिमित घेतला, मोडून अर्धा आमच्या हातात दिला. आम्हाला ती ‘तेय्झे’ म्हणत होती. तेय्झे म्हणजे खाला.

मेट्रोत एकच स्टेशन गेलो आणि उतरलो. तिथून मार्मराय रेल्वे लागते, जी 2013 पासून बॉस्फरसच्या तळाखालून, समुद्रपातळीच्या सुमारे साठ मीटर खालून, आशियातून युरोपात जाते. तिची गाडी उलट दिशेची होती. तिची गाडी आली, ती चढली नाही. दुसरीही सोडली. आमची गाडी आल्यावर तिने आम्हाला डब्यात चढवले, शेजारी बसलेल्या मुलाला काहीतरी बजावले, बोटांनी दोन स्टेशनांची खूण केली आणि दार बंद झाल्यावर काचेवर हात ठेवून उभी राहिली. नाव विचारायचे राहून गेले. फलाटावरच्या पाटीवर स्टेशनचे नाव होते, ते मात्र वाचले: अय्रिलिक चेश्मेसी.

सिरकेजीला वर येणारे जिने संपता संपत नाहीत. हॉटेलच्या दारात लेक उभी होती. ती रागावली, रडली, परत रागावली. सगळे बरोबर होते. काउंटरवरच्या मुलाने चहा आणून ठेवला. त्याला आम्ही त्या स्टेशनच्या नावाचा अर्थ विचारला. चेश्मे म्हणजे पाण्याचा झरा, कारंजे, उर्दूतला चश्मा. आणि अय्रिलिक म्हणजे वियोग, ताटातूट. तिथे जुने कारंजे आहे. उस्मानी काळात मक्केला निघालेला काफिला उस्कुदारहून तिथपर्यंत यायचा. घरची माणसे तिथवर सोबत चालत यायची, तिथे पाणी प्यायचे, निरोप घ्यायचा, आणि मग जाणारे जायचे, राहणारे मागे फिरायचे.

लेक म्हणाली, “अम्मी, काय झालं?” आम्ही म्हटले, काही नाही, चहा गरम आहे.

तिसऱ्या दिवशी तिने परिषद बुडवून सोबत यायची तयारी दाखवली. आम्ही तिला पाठवले. तिचा नंबर कागदावर लिहून अबायाच्या खिशात ठेवला, हॉटेलचे कार्ड घेतले, फोन पूर्ण चार्ज केला आणि एमिनोनूला जाऊन पाटी दोनदा वाचून उस्कुदारच्या बोटीत बसलो. उतरल्या उतरल्या समोर मिहरिमा सुलतानची मशीद आहे, सुलेमानच्या मुलीची, 1548 सालची, तीही सिनानचीच. पाण्याकडेने थोडे गेले की शेम्सी पाशाची अगदी छोटी मशीद. बसने काराजाअहमेद कब्रस्तानापाशी शाकिरिन मशीदही पाहिली. 2009 मध्ये उघडलेल्या या मशिदीची अंतर्गत सजावट झैनेप फादिल्लिओग्लू या बाईंनी केली आहे. बायकांचा सज्जा तिथे कोपऱ्यात दडवलेला नाही. तिथून मेहराब आणि काचेचे झुंबर सरळ दिसते. आम्ही बराच वेळ तिथे बसलो. आपल्याकडच्या मशिदींचा विचार मनात आला; त्यावर कधीतरी वेगळे लिहू.

सूर्यास्ताला परत काठावर आलो. काठाच्या पायऱ्यांवर गाद्या टाकलेल्या असतात, चहा मिळतो. मिनार काळे होत गेले. वहीतले पान बरोबर होते.

परत आल्यावर जाऊबाईंनी सगळे ऐकून घेतले. कुर्द बाईच्या गोष्टीला डोळे पुसले, टॅक्सीवाल्याला चार शिव्या दिल्या. एर्तुग्रुलची कबर पाहिली का विचारले. ती सोग्युतला आहे, इस्तंबूलला नाही, हे सांगितल्यावर नाराज झाल्या. मग दोन दिवसांनी दुपारी मासे साफ करताना, मान खाली घालूनच, त्यांनी विचारले, “भाभी, त्या पावातला बांगडा हलवा तसा करतात की भाजून?” आम्ही म्हटले, भाजून. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आणि पासपोर्टला किती दिवस लागतात?”